२१ दिवसांत सवय लागते? नाही हो!

घरून काम सुरू केलं की कुणीतरी हमखास सांगतं, २१ दिवस रोज कामांची यादी कर, मग आपोआप सवय लागेल. आणि २२व्या दिवशी यादी राहिली की माणूस स्वतःलाच आळशी ठरवून ती वही कायमची बाजूला टाकतो, याचं खरंच वाईट वाटतं.

हा आकडा आला कुठून, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण कमीत कमी २१ दिवस लागतात. म्हणजे विषय चेहऱ्याचा, यादीबिदीचा नाहीच, आणि पुढे सांगता सांगता ते ‘कमीत कमी’ पण गळून गेलं.

नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने ९६ जणांवर अभ्यास केला, रोज ठरलेल्या प्रसंगी एकच साधी गोष्ट करायची, जसं नाश्त्यानंतर पाणी पिणं. ती आपोआप व्हायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा आला ६६! कुणाला १८ पुरले, कुणाला किती लागतील याचा अंदाज थेट २५४ वर गेला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही.

त्यामुळे दिवस मोजू नका, खूण पक्की करा, म्हणजे कशानंतर ते करायचं हे ठरवून टाका. लॅपटॉप उघडला की मेल बघायच्या आधी वहीत आजची तीन कामं, बस. काल राहिलं असेल तर आज लिहा.