डाग पडला? कागद लगेच फाडू नका

वॉटरकलरचे पॅड विकताना आमच्या कानावर सारखी एकच तक्रार येते : "आभाळ छान उतरलं होतं, मध्येच डाग फुटला. कागद खराब आहे का हो?" बहुतेक वेळा कागदाचा दोष नसतो. आणि चित्रही वाया गेलेलं नसतं.

वॉश, म्हणजे कागदावर दिलेला पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळलेला असताना पाण्याने भरलेला ब्रश टेकला, की ते पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं. जाताना रंगाचे कण पुढे ढकलतं आणि थांबतं तिथे त्यांची दाट कड सोडतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, कातरलेली.

गेल्या पावसाळ्यात एक ताई असंच चित्र घेऊन आल्या. वडाच्या हिरव्या वॉशवर ब्रशमधून थेंब गळला होता. काउंटरवर ते चित्र आम्ही जरा लांब धरून बघितलं. उजवीकडचा घेर त्यांनी पान न् पान काढून रंगवला होता, तो कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. थेंब पडला होता तिथे मात्र उन्हात उजळलेला पानांचा झुबका तयार झाला होता, कडेला सावलीसकट! आता त्या मुद्दाम थांबतात. वॉशची चकाकी गेली, पण कागद हाताला अजून गार लागतोय, अशा वेळी थेंब सोडतात.

तुमच्या पेटीतली प्रशियन ब्लूची ट्यूबसुद्धा चुकीतूनच आली आहे. 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कारागीर लाल रंग करायला बसला होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये प्राण्यांपासून काढलेल्या तेलाचा अंश मिसळला होता. लालऐवजी गडद निळा हाती आला. पुढे तो जपानपर्यंत पोचला. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात तोच निळा आहे. डीसबाखने ते भांडं मोरीत ओतलं नाही, हे आम्हांला फार मोलाचं वाटतं.

म्हणून आमची कळकळीची विनंती : डाग पडला की टिश्यू घेऊन धावू नका. ओल्यात पुसलं की चिखल होतो. पूर्ण वाळू द्या, चित्र उलटं धरून बघा, मग ठरवा. काढायचाच असेल तर अल्ट्रामरीन निळा ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलला जातो. प्रशियन ब्लू आणि थॅलो (गडद निळे-हिरवे) रंग कागदात मुरतात, ते पूर्ण निघत नाहीत. सुती कागद ही घासाघीस सोसतो, लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर मात्र लव उठते.

डाग आवडला, तर चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवा : कोणते रंग, कोणता कागद, वॉश दिल्यावर किती वेळाने पाणी पडलं, बाहेर ऊन होतं की पाऊस. हवेत दमटपणा असला की वॉश उशिरा वाळतो, त्यामुळे मे महिन्यातला अंदाज जुलैत चालत नाही. एवढी नोंद असली तर तो डाग पुन्हा पाडता येतो.

कागदाचा खरा दोष कसा ओळखायचा? पहिल्याच वॉशला रंग टीपकागदावर पडावा तसा आत शोषला जातो आणि जागोजागी फिकट किंवा गडद ठिपके दिसतात. ओल लागून कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी रोखून धरणारा लेप, गेला की असं होतं. पावसाळ्यात पॅड प्लॅस्टिकच्या पिशवीत, भिंतीपासून दूर ठेवा. नवीनच पॅड असा निघाला तर रंगवलेल्या पानासकट घेऊन या, आम्ही बदलून देऊ.