पेठेतला जुना वाडा, इंग्रजी अमदानीतले पणजोबा : नोंदी कुठे आणि कशा मिळतात

पूर्वजांचा माग काढायचा म्हटलं की पुण्यात बहुतेक जण थेट पेशवे दप्तराचा, म्हणजे पुणे पुराभिलेखागाराचा रस्ता धरतात. तिथले कागद कोटींच्या घरात आणि त्यांतले बहुतांश मोडी लिपीत. नुसतं आडनाव सांगून तिथे हाती काही लागत नाही. आधी वाडा शोधावा. माणूस त्याच्या कागदांतून सापडतो.

म्हणून पहिला अर्ज नगर भूमापन कार्यालयात. पेठेचं नाव आणि सिटी सर्व्हे नंबर एवढं हवं. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, पत्रांवरचे पत्ते, भाडेपावत्या यांत तो बहुधा सापडतो. मात्र महापालिकेचा घर क्रमांक म्हणजेच सिटी सर्व्हे नंबर असं धरून चालू नका. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहायला वारस असण्याची अट नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतो.

पत्रिकेवर आधी ‘हक्काचा मूळ धारक’ हा रकाना बघा. मग फेरफाराच्या नोंदी खालून वर वाचत जा : खरेदी, वाटप, वारस, बोजा (गहाण-कर्ज). एकेक पिढी मागे सरकते. इथेच थांबू नये. त्याच कार्यालयात जुन्या हस्तलिखित पत्रिकेची आणि चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. खरा मजकूर चौकशी नोंदवहीत असतो : मोजणीच्या वेळी हक्क कोणी सांगितला, वडिलोपार्जित म्हणून की खरेदीने, आणि त्यासाठी कोणता कागद दाखवला. अर्जाला ओळखपत्राची प्रत आणि कोर्ट फी स्टॅम्प जोडा. ‘सर्व जुने कागद मिळावेत’ असं मोघम लिहिलंत तर अर्ज नुसता फिरत राहतो. नोंदवहीचं नाव आणि नंबर लिहा.

नावं वाचताना जपून. जुन्या नोंदींत आडनाव असेलच असं नाही. ‘रामजी बिन गोविंदजी’, म्हणजे गोविंदजीचा मुलगा रामजी, एवढ्यावर काम भागे. दत्तक गेलेल्या माणसाचा बाप मध्येच बदलतो. सनांचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली या महसुली सनात ५९०, मराठेशाहीच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी आणखी एक. शके १७८५ आणि फसली १२७३ दोन्ही १८६३च्या सुमाराचे.

खरेदीखत, गहाणखत दुय्यम निबंधकांकडे. नोंदणी अधिनियम १९०८च्या कलम ५७प्रमाणे स्थावराच्या दस्तांचं पुस्तक १ आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते. नोंदवलेलं मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत इतरांना मिळत नाही, त्याच्या पश्चात कोणीही नक्कल मागू शकतं. हे फारसं कोणाला ठाऊक नसतं, आणि भावकीत तर मुळीच नाही!

जन्म-मृत्यूचा उतारा महापालिकेत. १९६९च्या कायद्याचं कलम १७ शोध घ्यायची मुभा कोणालाही देतं. मृत्यूच्या उताऱ्यावर कारण मात्र छापत नाहीत. वर्ष अंदाजे तरी सांगावं लागतं. घराणं मूळ गावाकडचं असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४), आणि शाळेत जनरल रजिस्टर. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली.

पुराभिलेखागाराकडे यानंतर वळा, तेही घराण्याला इनाम, वतन किंवा वर्षासन (दरसालची नेमणूक) असेल तर. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनने सनदा तपासल्या. त्या चौकशीचे कागद तिथे आहेत. अर्जात गाव, धारकाचं नाव, अंदाजे साल आणि शोधाचा विषय लिहा, ओळखपत्र जोडा. विद्यार्थी असाल तर संस्थेचं पत्रही न्या. मोडी येत नसेल तर वाचक सोबत हवा. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येते.

घरचे कागद १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरात गेले असतील तर नकला मागताना तसं लिहायला हरकत नाही, पण तो पुरावा ठरत नाही. आणि पणजोबांचं नाव मूळ धारकाच्या रकान्यात दिसलं म्हणून वाड्यात हिस्सा मिळत नाही. पुढच्या फेरफारात वाडा विकला गेला असेल तर विषय तिथेच संपतो; नसेल तर वारस नोंदीचा अर्ज वेगळा करावा लागतो, मृत्यूचे दाखले आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडून.

बंगला कॅम्पात किंवा खडकी छावणीत असेल तर मात्र वरचा क्रम लागू नाही. छावणीच्या जमिनींची नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, म्हणजे जी.एल.आर.मध्ये होते. त्यासाठी बंगला नंबर किंवा जी.एल.आर. सर्व्हे नंबर घेऊन डिफेन्स इस्टेट्स किंवा कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या कार्यालयात अर्ज करा. तिथल्या अनेक बंगल्यांची जमीन सरकारची आणि वर बांधलेलं घर तेवढं खासगी, तेव्हा धारकाचं नाव वाचताना हक्काचा प्रकार कोणता लिहिलाय तेही पाहा.