रिस्पॉन्सिव्ह आणि अ‍ॅडाप्टिव्ह: फरक दिसतो तो मधल्या रुंदीवर

फ्रीलान्स वेब डिझायनर म्हणून माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक कामात एक ओळ ठरलेली असते: ‘साइट रिस्पॉन्सिव्ह हवी.’ सोबत बऱ्याचदा फिग्मा या डिझाइनच्या साधनातली तयार फाइलही येते आणि तिच्यात तीन फ्रेम, म्हणजे पानाची तीन चित्रं, असतात. ३७५ पिक्सेलची मोबाइलसाठी, ७६८ ची टॅबलेटसाठी आणि १४४० ची डेस्कटॉपसाठी. मागणी रिस्पॉन्सिव्हची, म्हणजे प्रत्येक रुंदीला सलग जुळवून घेणाऱ्या साइटची, असते, पण काढलेलं चित्र अ‍ॅडाप्टिव्हचं असतं. म्हणजे मोजक्या ठरावीक रुंदींसाठी केलेल्या वेगवेगळ्या मांडण्यांचं. हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्याचा त्रास मात्र साइट उघडून बसलेल्या माणसाला होतो, म्हणून मला हा घोळ मनापासून खटकतो.

फरक ओळखायची सोपी रीत आहे. डेस्कटॉपवर साइट उघडा, ब्राउझरच्या खिडकीची कड धरा आणि हळूहळू आत ओढा. मजकूर, चित्रं, कॉलम सतत जागा जुळवून घेत असतील तर ती रिस्पॉन्सिव्ह. दोन्ही बाजूंची मोकळी जागा फक्त आटत जाते, मजकूर जागचा हलत नाही आणि एका ठरावीक रुंदीला अख्खी मांडणी झटकन बदलते, तर ती अ‍ॅडाप्टिव्ह. तिसराही प्रकार दिसेल: खिडकी कितीही लहान करा, काहीच बदलत नाही, पण तोच पत्ता मोबाइलवर टाकला की वेगळंच पान येतं. तीही अ‍ॅडाप्टिव्हच, फक्त कोणती मांडणी द्यायची हे तिथे सर्व्हरने ठरवलेलं असतं.

घोळ कुठून आला, तर मीडिया क्वेरीमुळे, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या कोडमधल्या नियमामुळे. वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्दप्रयोग मांडला, तेव्हा त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: लवचीक ग्रिड (कॉलमांची आखणी), लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी. लोकांच्या लक्षात राहिली ती तिसरी. पण मीडिया क्वेरी दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे कोडमध्ये ती दिसली म्हणून साइट रिस्पॉन्सिव्ह ठरत नाही. खरा जीव पहिल्या गोष्टीत आहे. ९६० पिक्सेलच्या पानात ३०० पिक्सेलचा कॉलम असेल, तर ३०० ला ९६० ने भागायचं आणि रुंदी ३१.२५ टक्के लिहायची. पिक्सेल सोडून प्रमाणात विचार करणं म्हणजे रिस्पॉन्सिव्ह. मीडिया क्वेरी त्यानंतर येते, प्रमाण ताणून ताणून वाचायला त्रास होऊ लागतो तिथे.

मधल्या रुंदीची मला एवढी काळजी का, हे माझ्याच एका जुन्या कामावरून सांगतो. तिन्ही फ्रेम मी अगदी काटेकोर उतरवल्या होत्या. डेस्कटॉपची मांडणी ९०० पिक्सेलपासून लागू व्हायची, पण तिला नीट बसायला प्रत्यक्षात ११०० लागत होते. साइट वापरणाऱ्या एका बाईंना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून १३६६ पिक्सेलच्या लॅपटॉपवर त्या झूम १५० टक्के ठेवत. झूम केल्यावर ब्राउझरच्या हिशेबाने पानाची रुंदी उरते साधारण ९११ पिक्सेल. फॉर्मचं ‘पाठवा’ बटण उजव्या कॉलममध्ये होतं आणि तो कॉलम पडद्याबाहेर गेला होता. त्यांनी फॉर्म तीनदा भरला, पाठवायचं कुठून ते त्यांना सापडलं नाही. माझ्या तिन्ही फ्रेम बरोबर होत्या आणि साइट चूक होती.

झूम म्हणजे अरुंद पडदा, हे एकदा पटलं की बरंच काही जागेवर येतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांत हेच नेमकं मांडलं आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा सरकवायला न लागता वाचता यायला हवा. १२८० च्या पडद्यावर ४०० टक्के झूम केला की बरोबर ३२० उरतात. नकाशे, मोठे तक्ते यांना सूट आहे. सर्व्हरवर उपकरण ओळखून पान देणारी साइट इथे हमखास अडखळते, कारण सर्व्हरला डेस्कटॉप दिसतो, झूम दिसत नाही.

उपकरण ओळखणंही आता भरवशाचं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आल्यापासून आयपॅडवरची सफारी सर्व्हरला आपली ओळख मॅक म्हणून देते. अँड्रॉइडवरचं क्रोमही त्या ओळखीत फोनचं मॉडेल आता कळवत नाही. मोबाइलसाठी वेगळा पत्ता ठेवला, तर कुणीतरी तो दुवा पाठवतो आणि समोरचा मोठ्या पडद्यावर फोनचं पान वाचत बसतो. गूगल पानं तपासतं ती मोबाइल म्हणून. मोबाइलच्या पानातून मजकूर गाळला असेल, तर शोधाच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा.

तरीही अ‍ॅडाप्टिव्ह टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. दोन उपकरणांवर माणूस दोन वेगळी कामं करत असेल, तर ती योग्यच आहे. कार्यालयात बसून शंभर ओळींचा तक्ता पडताळणाऱ्याला आणि वाटेत एका विनंतीला मंजुरी देणाऱ्याला एकच पान ताणून देणं दोघांवरही अन्याय आहे. चित्रांच्या बाबतीत तर रिस्पॉन्सिव्ह साइटमध्येही मी अ‍ॅडाप्टिव्ह विचार करतो: रुंद पडद्यावर पूर्ण दृश्य, फोनवर त्यातला फक्त चेहरा. पिक्चर टॅग त्यासाठीच आहे.

साधनांचं म्हणाल, तर गेल्या काही वर्षांत पारडं रिस्पॉन्सिव्हकडे झुकलंय आणि मला त्याचा आनंद आहे. २०१७ मध्ये सीएसएस ग्रिड, म्हणजे कोडमधून पानाचे कॉलम आणि ओळी आखायची सोय, मोठ्या ब्राउझरमध्ये आलं आणि ‘किमान इतकी रुंदी द्या, मावतील तितके कॉलम करा’ हे एका ओळीत सांगता येऊ लागलं. त्याहून मोठा बदल कंटेनर क्वेरीचा. फेब्रुवारी २०२३ पासून त्या क्रोम, सफारी, फायरफॉक्स तिन्हींत चालतात. आता कार्डाला पडद्याची रुंदी विचारावी लागत नाही, ते आपल्याला मिळालेली जागा बघून मांडणी बदलतं. तेच कार्ड साइडबारमध्ये उभं राहतं आणि मुख्य भागात आडवं पसरतं. माझ्या कोडमधले निम्मे ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायच्या ठरावीक रुंदी, यामुळे गेले. अक्षरांच्या आकारासाठी क्लॅम्प (किमान, मधलं आणि कमाल अशी तीन मूल्यं देण्याची सोय) वापरतो, पण एक पथ्य पाळून: मधलं मूल्य फक्त पडद्याच्या रुंदीवर टांगायचं नाही, त्यात रेम, म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर बेतलेलं माप, मिळवायचं. नाहीतर झूम केल्यावर अक्षर हवं तसं वाढतच नाही आणि त्या बाईंची अडचण नव्या रूपात परत येते.

फिग्माही सुधारलंय. फ्रेममधल्या गोष्टी आपोआप रचणाऱ्या ऑटो लेआउटमध्ये २०२३ पासून रॅप (जागा संपली की पुढच्या ओळीत जाणं) आणि किमान-कमाल रुंदी देता येते. तरी फ्रेम ही शेवटी एका रुंदीचं स्थिर चित्र असते. म्हणून हल्ली मी तीनऐवजी दोनच फ्रेम मागतो, सगळ्यात अरुंद आणि सगळ्यात रुंद. त्या दोहोंमध्ये कोणती गोष्ट आधी आकसेल, कोणती खाली जाईल आणि कोणती अजिबात हलणार नाही, हे साध्या वाक्यांत लिहून घेतो. करारातही ‘रिस्पॉन्सिव्ह’ एवढा एकच शब्द ठेवत नाही. तिथे लिहितो: ३२० ते १९२० पिक्सेलमधल्या कोणत्याही रुंदीवर, मोठे तक्ते सोडून, पान आडवं सरकवावं लागणार नाही. काम सोपवायच्या दिवशी ग्राहकाला शेजारी बसवतो आणि खिडकीची कड त्यालाच ओढायला सांगतो.