नेपोलियनच्या लढायांचे बोर्ड वॉरगेम

नेपोलियनिक बोर्ड वॉरगेम म्हणजे साधारण 1792 ते 1815 या काळातल्या युरोपातल्या लढाया आणि मोहिमा छापील नकाशावर, पुठ्ठ्याच्या छोट्या चौकोनी काउंटरनी किंवा लाकडी ठोकळ्यांनी खेळायचा छंद. यात खेळणं आलं तसंच स्वतः गेम डिझाइन करणंही आलं, कारण या छंदात ती दोन माणसं फार वेगळी राहत नाहीत, पाच-सहा वर्षं खेळलेला माणूस कधीतरी म्हणतोच की हा नियम चुकलाय, मी असतो तर असा केला असता, आणि मग तो वही काढून बसतो. रंगवलेल्या शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या सैनिकांनी टेबलावर खेळतात तो मिनिएचरचा छंद वेगळा, त्याची इथं चर्चा नाही.

बुद्धिबळाशी याचं नातं आहे पण लांबचं. बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या, पट सपाट, सगळं उघड. इथं दोन्ही बाजू कधीच सारख्या नसतात, पटावर चिखल असतो, टेकडी असते, भिंतीआडचा वाडा असतो, आणि समोरच्याकडे नक्की किती सैन्य आहे हे कळायलाच नको असतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. नेपोलियनिक गेमच्या डिझाइनचा खरा प्रश्न एकच आहे असं मला वाटतं, तो म्हणजे खेळाडूला किती कळू द्यायचं. फासे, षटकोन, टेबलं वगैरे बाकी सगळं नंतर येतं.

सुरुवात

गंमत म्हणजे पहिल्यांदा ज्यांनी हे नीट बनवलं त्यांनी हा प्रश्न तेव्हाच सोडवून टाकला होता. प्रशियातल्या बॅरन फॉन राइसवित्झ यांनी 1812 मध्ये, म्हणजे नेपोलियन गादीवर असतानाच, प्रशियाच्या राजासमोर युद्धाचा खेळ मांडला. त्यांच्या मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, 1824 मध्ये तो खऱ्या नकाशावर आणला, प्रमाण 1:8000, आणि नाव क्रीगस्पील. त्यात खेळाडू नकाशावर स्वतः हात घालतच नव्हते. आपले हुकूम कागदावर लिहून पंचाला द्यायचे, आणि पंच फक्त तेवढंच मांडून दाखवणार जेवढं त्या सेनापतीला डोळ्यांनी दिसलं असतं. तेव्हाचे प्रशियाचे चीफ ऑफ स्टाफ म्युफलिंग आधी थंडच होते, पण खेळ बघताबघता म्हणाले की हा खेळ नाहीच, हे तर युद्धाचं प्रशिक्षण आहे, आणि सगळ्या सैन्याला त्याची शिफारस केली. हे म्युफलिंग कोण, तर वॉटर्लूच्या दिवशी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या शेजारी प्रशियाचे संपर्क अधिकारी म्हणून उभे असलेले गृहस्थ, त्यामुळे अर्धवट माहितीवर निर्णय घेणं काय असतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुकानात विकत मिळणारा बोर्ड वॉरगेम मात्र अमेरिकेतला. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954 मध्ये टॅक्टिक्स नावाचा गेम काढला आणि 1958 मध्ये बाल्टिमोरला अ‍ॅव्हलॉन हिल कंपनी सुरू केली. नकाशावर चौकोनांऐवजी षटकोन, म्हणजे हेक्स, हे त्यांच्याच गेममध्ये 1961 ला आले. चौकोनात तिरकं गेलं की जास्त अंतर फुकट मिळतं, हेक्समध्ये सहाही बाजूंना अंतर सारखं, म्हणून तो जो टिकला तो आजपर्यंत. 1962 मध्ये त्यांचा वॉटर्लू आला आणि नेपोलियन घराघरातल्या डायनिंग टेबलावर पोचला.

पुढची झेप न्यूयॉर्कच्या एसपीआय या कंपनीची, 1969 पासून. जिम डनिगन आणि रेडमंड सायमनसेन ही त्यामागची जोडी, एक गेमचं डोकं आणि दुसरा ग्राफिक्सचा माणूस. यांनी मासिकातच गेम देणं सुरू केलं, आणि नेपोलियन अ‍ॅट वॉटर्लू नावाचा एक छोटा गेम नवीन लोकांना छंदात ओढायला वाटला. आजही कुणी विचारलं की कुठून सुरू करू, तर त्या साच्याचाच गेम मी सांगेन, थोडे काउंटर, थोडे नियम, एका संध्याकाळी संपणारा. मोठ्या गेमवर आधी उडी मारली की माणूस नियमपुस्तकातच बुडतो आणि परत येत नाही. एसपीआय 1982 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, पण तिथे तयार झालेले डिझायनर पुढची कित्येक दशकं काम करत राहिले.

टेबलावर काय असतं

नकाशा उलगडायचा, त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट टाकायची म्हणजे घड्या बसतात, आणि काउंटर मांडायचे. काउंटर अर्ध्या इंचाचा, रंग बहुतेकदा त्या सैन्याच्या गणवेशाचा, फ्रेंच निळे, ब्रिटिश लाल, रशियन हिरवे, ऑस्ट्रियन पांढरे. त्यावर दोन आकडे, डावीकडे ताकद आणि उजवीकडे किती हेक्स चालेल ते. शीटमधून काउंटर सुटे केले की कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुसे राहतात, ते नेलकटरने एकेक कोपरा कापून काढणारे लोक आहेत, चारशे काउंटर म्हणजे सोळाशे कोपरे, आणि ते सगळे कापतात, कारण चळत रचली की तुसे एकमेकांत अडकतात आणि एक उचलायला गेलं की तीन येतात. उचलायला चिमटाच लागतो.

लढाईचा हिशोब साधा. हल्ला करणाऱ्यांची बेरीज आणि बचाव करणाऱ्यांची बेरीज यांचं गुणोत्तर काढायचं, फासा टाकायचा, टेबलमध्ये निकाल बघायचा. अपूर्णांक कायम बचाव करणाऱ्याच्या बाजूने जातो. म्हणजे तुमचे 12 आणि त्याचे 4 तर 3:1, पण तुमचे 11 असले तर सरळ 2:1. त्या एका पॉइंटसाठी माणूस दहा मिनिटं नकाशाकडे बघत बसतो, कुठून एखादी घोडदळाची तुकडी ओढून आणता येईल का, आणि ती आणली की तिथली बाजू उघडी पडते. शत्रूच्या शेजारच्या हेक्समध्ये गेलं की थांबावं लागतं, त्याला झेडओसी, म्हणजे झोन ऑफ कंट्रोल, म्हणतात, आणि यामुळे आघाडी नावाची गोष्ट तयार होते.

बटालियनच्या पातळीवरच्या गेममध्ये पायदळ, घोडदळ आणि तोफखाना यांचं त्रिकूट सांभाळावं लागतं. घोडदळ आलं की पायदळाने चौकोन करायचा, चारी बाजूंना संगिनी, घोडा आत घुसत नाही. पण चौकोन केलेलं पायदळ म्हणजे तोफेला आयतं लक्ष्य, दाटीवाटीने उभं आणि जागचं हलत नाही. वॉटर्लूला दुपारी नेपोलियनचा मार्शल ने याच्या घोडदळाने तासनतास त्या चौकोनांवर धडका मारल्या आणि बरोबर पुरेसं पायदळ आणि घोडतोफा आल्या नाहीत म्हणून हाती काही लागलं नाही. गेममध्ये एकदा ही चूक स्वतः केली की इतिहासातलं ते पान कायमचं डोक्यात बसतं.

द'एरलाँचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. 16 जून 1815 ला, वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, दोन लढाया एकाच वेळी चालू होत्या. लिन्यीला नेपोलियन प्रशियनांशी लढत होता आणि काही किलोमीटरवर कात्र-ब्राला मार्शल ने वेलिंग्टनशी. मधल्या रस्त्यावर जनरल द'एरलाँची वीस हजारांची कोअर, म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग, मार्शल नेकडे चालली होती. वाटेत हुकूम आला की लिन्यीकडे वळा. वळले. तिकडे पोचताना फ्रेंचांच्याच बाजूला धुळीत मोठं सैन्य दिसलं म्हणून आपल्याच लोकांत घबराट झाली की हे शत्रूच असणार. तेवढ्यात नेचा निरोप, ताबडतोब परत या. द'एरलाँ परत फिरले, कोअरचा मोठा भाग घेऊन, आणि पोचेपर्यंत तिकडची लढाई संपली होती. वीस हजार माणसं दिवसभर दोन लढायांच्या मध्ये चालत राहिली आणि दोन्हीकडे उपयोगी पडली नाहीत. तो हुकूम नेमका कसा आणि कुणाकडून गेला यावर अजून इतिहासकारांचं एकमत नाही.

हे गेममध्ये कसं आणणार? साध्या गेममध्ये फ्रेंच खेळाडू वरून सगळा नकाशा बघतोय, द'एरलाँला तो सरळ लिन्यीला नेतो, प्रशियन मागून कापले जातात आणि 18 जूनची लढाई होतच नाही. खेळाडू हुशार आहे म्हणून नाही, त्याला आभाळातून दिसतंय म्हणून. वॉटर्लूच्या मैदानावरच्या हूगोमोंटच्या वाड्याचं तेच. फ्रेंचांनी त्या वाड्यापायी दिवसभरात हजारो माणसं गुंतवली, पण आज कुठलाही खेळाडू तिथे थोडे काउंटर ठेवून बाजूने निघून जातो. आणि संध्याकाळी पूर्वेकडून प्रशियन येणार हे तर शाळकरी पोरालाही माहिती.

या प्रश्नाला वेगवेगळ्या डिझायनरनी दिलेली उत्तरं म्हणजेच या छंदाचा खरा इतिहास आहे. एक उत्तर लाकडी ठोकळ्यांचं. 1974 मधल्या नेपोलियन या गेममध्ये ठोकळे उभे ठेवतात, छापलेली बाजू स्वतःकडे, समोरच्याला नुसती पाठ दिसते. नुकसान झालं की ठोकळा फिरवायचा म्हणजे ताकद कमी. इतकी सोपी युक्ती, आणि समोर आलेला ठोकळा गार्डचा, म्हणजे नेपोलियनच्या निवडक सैन्याचा, आहे का उरलेल्या चार घोडेस्वारांचा आहे हे भिडल्याशिवाय कळत नाही. मला विचाराल तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत या छंदात इतकी सुंदर कल्पना दुसरी नाही.

दुसरं उत्तर केव्हिन झुकर यांचं. 1976 मध्ये त्यांनी एसपीआयसाठी नेपोलियन्स लास्ट बॅटल्स केला, त्यात लिन्यी, कात्र-ब्रा, वाव्र आणि वॉटर्लू या चारही लढाया सुट्या किंवा जोडून खेळता येतात. मग 1978 च्या नेपोलियन अ‍ॅट बे मध्ये, जो 1814 च्या फ्रान्समधल्या मोहिमेवर आहे, त्यांनी सेनापतीच्या कारभारालाच नियमात आणलं. हुकूम पाठवायला मर्यादित पॉइंट, पॉइंट नाहीत तर त्या जनरलने स्वतःच्या कुवतीवर हलायचं, फासा पडला तर. शिवाय मार्चची झीज. लांब पल्ल्याची दौड मारली की गोळी न झाडता माणसं गळतात. 1812 ला रशियात नेपोलियनच्या सैन्याचं, म्हणजे ग्रांद आर्मेचं, काय झालं ते आठवा, बोरोदिनोची लढाई व्हायच्या आधीच, चालताचालता, उन्हात, भुकेने आणि रोगाने सैन्य निम्म्याच्या आसपास आलं होतं. ज्या गेममध्ये चालणं फुकट असतं तो गेम दिसायला नेपोलियनिक असतो, बाकी नाही. हे माझं ठाम मत आहे.

तिसरं उत्तर रेचल सिमन्स यांचं, 2005 चा बोनापार्ट अ‍ॅट मारेंगो. त्यात फासेच नाहीत, हेक्सही नाहीत, नुसत्या लांब लाकडी पट्ट्या आणि जुन्या छापील नकाशासारखा देखणा पट. सगळी अनिश्चितता समोरच्या पट्टीची तुम्हाला न दिसणारी बाजू काय आहे यातच. आणि याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एम्पायर्स इन आर्म्स, 1983 चा, सात जण सात सत्ता घेऊन बसतात, 1805 ते 1815 एकेक महिन्याने खेळतात, आणि तिथे गोंधळ नियमांनी आणावा लागतच नाही, कारण ऑस्ट्रियावाला आपला शब्द पाळेल का हे कुणालाच माहिती नसतं. पूर्ण मोहीम संपायला कित्येक महिन्यांचे शनिवार-रविवार जातात.

स्वतः गेम करताना

घरी गेम बनवणारा आधी प्रमाण ठरवतो. समजा एक हेक्स 400 मीटर आणि एक टर्न एक तास. रस्त्यावरून पायदळ तासाला तीन-चार किलोमीटर चालतं म्हणजे आठ ते दहा हेक्स. पण हे आकडे तसेच घातले की गेम फसतो, कारण खरं सैन्य तासभर सलग चालत नाही, पुलावर थांबतं, पुढच्या ब्रिगेडची शेपटी निघायची वाट बघतं, कॉलममधून रांगेत यायला वेळ घेतं. म्हणून डिझायनर चार-पाच हेक्स देतो आणि मग चाचणी करत बसतो. सगळ्यात अवघड चाचणी ती, जिथे नियम दुसऱ्याच्या हातात देऊन आपण तोंड बंद ठेवून बाजूला बसायचं. तुम्हाला जे स्पष्टच वाटत होतं तिथे तो अडतो, आणि त्याने लावलेला अर्थ तुमच्या वाक्यातून खरंच निघत असतो. समोर बसायला माणूस नसला तर बरेच जण दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात, किंवा व्हॅसल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर दुसऱ्या देशातल्या कुणाशी.

असई

मराठी माणसाने या काळावर गेम करायचा म्हटलं तर विषय दारात आहे. वॉटर्लूच्या काउंटरवरचा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने 1803 च्या ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला आत्ताच्या जालना जिल्ह्यात असईला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या सैन्याशी लढाई केली. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत तू केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली, तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितलं.

डिझायनरच्या नजरेने असई बघा. केळणा नदी मध्ये आहे, वाटाडे सांगतायत की पलीकडे जायला उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात आणि तो ठरवतो की गावं अशी वसलीत म्हणजे उतार असणारच, आणि असतो. मग शिंद्यांची कवायती पायदळ, पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली, सगळी रांग काटकोनात फिरवून केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये वेलस्लीकडे तोंड करून उभी राहते, तोफांसकट, इतकी सफाईने की वेलस्लीलाही ते अपेक्षित नव्हतं. आता गेममध्ये उतार नकाशावर छापला तर शिंद्यांचा खेळाडू पहिल्याच टर्नला तिथे तोफा लावून बसणार. त्यामुळे उतार छापायचाच नाही, नदीकाठच्या तीन-चार हेक्सवर उलटे काउंटर ठेवायचे, एकात उतार, बाकी कोरे, आणि एखादा उलटवायचा तर वेलस्लीला हालचाल खर्च करावी लागेल.

आणि इंग्रजांच्या उजव्या टोकाची पिकेटची, म्हणजे पुढच्या पहाऱ्याची, तुकडी. तिला असई गावापासून लांब राहायचं होतं, पण तिचा अधिकारी ऑरॉक सरळ गावाच्या दिशेने चालत राहिला, मागून 74 वी हायलँडर पलटण गेली, आणि गावातल्या तोफांनी दोघांची चाळण केली. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचे 1584 मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. द'एरलाँसारखीच ही वाट चुकलेली तुकडी. ती खेळाडूच्या हातात देता कामा नये. दर टर्नला तिच्यासाठी फासा टाकायचा, 1 किंवा 2 पडला तर ती एक हेक्स असईकडे सरकेल, आणि तिला थांबवायचं तर वेलस्लीच्या काउंटरने स्वतः तिच्यापर्यंत जायला हवं, म्हणजे तेवढा वेळ बाकीची आघाडी त्याच्याशिवाय लढेल.