‘24 तासांत डिलीट केलं की चालतं’ हे खरं नाही

क्रॅक केलेल्या (म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेल्या) सॉफ्टवेअरसोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये वर्षानुवर्षं एक ओळ फिरते आहे : ‘फक्त चाचणीसाठी, 24 तासांत काढून टाका.’ भारताच्या कॉपीराइट कायद्यात (1957) अशी सवलत कुठेही नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेली, आणि तीही वाचत नाही.

‘गुन्हा विकणाऱ्याचा, वापरणाऱ्याचा नाही’ हाही गैरसमजच. कलम 63-ब वापरणाऱ्यासाठीच आहे : बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून कैद टाळू शकतं. दंड तरीही 50 हजारांपर्यंत होऊ शकतो.

कायद्याने खरी मुभा दिली आहे ती बॅकअपची. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची प्रत नुकसानीपासून बचावापुरती ठेवता येते, कलम 52. ती मित्राला देता येत नाही.

दुकानदाराने संगणकात टाकून दिलेल्या विंडोजबद्दल शंका असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत) ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून ‘/एक्सपीआर’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. घरच्या मशीनवर कायमस्वरूपी सक्रियतेऐवजी सहा महिन्यांच्या आतली मुदत दिसली, तर बहुधा केएमएसची करामत आहे. केएमएस म्हणजे एकाच सर्व्हरवरून अनेक संगणकांवरचं विंडोज सक्रिय करण्याची मायक्रोसॉफ्टची सोय; ती मुळात संस्थांसाठी, 180 दिवसांची. अशा वेळी दुकानदाराकडे लायसन्सचं बिल मागा. आणि क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद केला असेल, तर त्याच्या अपवादांची, म्हणजे तो तपासत नाही अशा जागांची, यादीही पाहा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह सापडू शकतो.