डार्विनला साक्षीदार कशाला हवा?

पुण्यात उत्क्रांतीवर कुठेही व्याख्यान ठेवा, प्रश्नोत्तरांच्या वेळी एक हात वर येतोच. हात बहुधा एखाद्या निवृत्त अभियंत्याचा असतो. वाचन दांडगं, देवधर्माचं फारसं वेड नाही. प्रश्न ठरलेला: "माणूस माकडापासून झाला म्हणता, मग सिंहगडावरची माकडं अजून माकडंच कशी? आणि हे होताना कोणी पाहिलंय का?" टाळ्या पडतात त्या प्रश्नाला, वक्त्याला नव्हे.

पहिल्या अर्ध्या प्रश्नावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. सिंहगडावरचं माकड आपलं पूर्वज नाही, लांबचं भावंड आहे. चिंपांझी आणि आपण यांचा सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला, माकडांशी असलेलं नातं त्याहून कितीतरी जुनं. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आजोबा झालेच नाहीत, असं कोणी म्हणत नाही.

दुसरा अर्धा प्रश्न मात्र मोठ्या तोंडीही ऐकू आला आहे. जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही की लिहिलेलं नाही, सबब डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढून हे खोडलं. मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर, म्हणजे पुण्याचेच, यांनी सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं. मला गंमत वेगळीच वाटली. सत्यपाल सिंह पूर्वी पुण्याचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी नाही म्हणजे गुन्हा घडलाच नाही, असं धरून कुठलं पोलीस ठाणं चालतं? परिस्थितीजन्य पुराव्यावर जन्मठेपा होतात. जीवाश्म आणि डीएनए यांचा पुरावा तर त्याहून भरभक्कम आहे.

पण हे झालं बचावाचं भाषण. खरी गोष्ट अशी की नैसर्गिक निवड, म्हणजे ज्यांचे गुण परिस्थितीत तगायला उपयोगी पडतात त्यांचीच संतती वाढत जाणं, पाहता येते. एका प्राण्याकडे टक लावून बसलं तर ती दिसत नाही, कारण कुठलाही एक प्राणी उत्क्रांत होतच नाही. बदलतं ते समूहातलं प्रमाण. ते मोजावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे: सिकलसेल. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली आणि एकूणच विदर्भात हा आजार घरोघर ठाऊक आहे. पुण्यात तो पाठ्यपुस्तकातल्या चित्रापुरता उरतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की झालं. डीएनएतलं एक अक्षर, ए च्या जागी टी, एवढाच फरक. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून धागे बनवतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं-सांधे असह्य ठणकतात.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीच्या असल्या तर 'एए'. एक सदोष असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही सदोष असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. उपचार नव्हते तेव्हा एसएस मुलं बहुतेक लहानपणीच दगावत.

मग हे जनुक टिकलं कसं? मुलं मारणारं जनुक केव्हाच नाहीसं व्हायला हवं होतं. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९मध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या संदर्भात सुचवलं की, अशा वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. (हेच हाल्डेन १९५७मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही.) सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवलं अँथनी ॲलिसन यांनी, १९५४मध्ये, पूर्व आफ्रिकेत. जिथे मलेरिया जास्त तिथे वाहक जास्त, आणि वाहक मुलांमध्ये मलेरियाचे जंतू कमी. वाहकाच्या तांबड्या पेशीत मलेरियाचा परजीवी शिरला की ती पेशी वाकते आणि प्लीहा तिला परजीवीसकट काढून टाकते. कमी ऑक्सिजनच्या जागी परजीवीची वाढही खुंटते. जीवघेण्या मलेरियाचा धोका वाहकाला फार कमी असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. इथे काही वाचक रजा घेतील, पण खरी मजा इथेच आहे. आकडे सोयीसाठी धरतो. एका मलेरियाग्रस्त मुलखात दर पिढीला १०,००० मुलं जन्मतात. एएमधली शंभरातली दहा मलेरियाने जातात, एएस सगळी जगतात, एसएस सगळी जातात.

समजा सुरुवातीला जनुकाच्या शंभर प्रतींमागे एकच एस, म्हणजे सदोष प्रत, आहे. मग जन्मलेल्यांत ९,८०१ एए, १९८ एएस आणि एक एसएस. मलेरिया एएमधली ९८० नेतो, एसएस मूलही जातं. उरली ९,०१९ मुलं, त्यांच्याकडे जनुकाच्या १८,०३८ प्रती, त्यात एस १९८. म्हणजे सुमारे १.१ टक्के. एका पिढीत एकाचे एक पूर्णांक एक दशांश. नुसती नजर इथे काय टिपणार? पण वाढ दर पिढीला होत राहते, चक्रवाढीने.

मग एस वाढतच जाईल का? नाही. समजा ते २० टक्क्यांवर पोचलं. आता एए ६,४००, एएस ३,२०० आणि एसएस तब्बल ४००. मलेरिया ६४० नेतो, सिकलसेल ४००. उरलेल्या ८,९६० मुलांत एसचं प्रमाण १७.९ टक्के. घसरण सुरू. खालून चढतं, वरून उतरतं, तर मध्ये कुठेतरी थांबणार. या आकड्यांनी ते बरोबर अकरात एक, म्हणजे ९.१ टक्क्यांवर थांबतं. तिथे एए ८,२६४, एएस १,६५३, एसएस ८३. मलेरियाने ८२६ जातात, सिकलसेलने ८३, आणि पुढच्या पिढीतही प्रमाण पुन्हा अकरात एकच. पडताळून पाहा, दहावीची बेरीज-वजाबाकी पुरते.

एस नसतं तर हजार मुलं गेली असती. आता ९०९ जातात. नैसर्गिक निवडीने इथे 'सुधारणा' केली म्हणायची, तर तिची किंमत पिढ्यान्पिढ्या ती ८३ मुलं मोजत राहतात. एखाद्या अभियंत्याने असा उपाय आराखड्यात दाखवला तर त्याला नोकरीवरून काढतील. पण इथे आराखडा काढणारं कोणी नाहीच. कोणी जगलं, कोणी नाही, जगलेल्यांना मुलं झाली, संपलं.

दुसरी चुकीची समजूत इथेच निकालात काढतो. मलेरिया आला म्हणून हे उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएतला हा बदल, झालं, असं नाही. नक्कल होताना चूक झाली, आणि ती जिथे मलेरिया होता तिथे कामी आली. गरज पडली की शरीर बदलतं आणि तो बदल मुलाला मिळतो, ही लामार्कच्या नावाने ओळखली जाणारी कल्पना मागे पडून जमाना झाला. तरी पुण्यात गर्भसंस्कार वर्गांच्या जाहिराती पाहिल्या की ती कोथरूडला भाड्याने राहायला आली असावी असं वाटतं. गरोदरपणात आईने शांत राहावं, चांगलं खावं, संगीत ऐकावं, कोण नको म्हणेल? पण कुठल्याही मंत्राने सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल परत येत नाही.

मग भांडण कशाचं आहे? अमेरिकेत ते बायबलच्या शब्दशः अर्थावरून झालं: १९२५मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला, २००५मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर शाळेचा. आपल्याकडे तसं नाही. आपण डार्विनला नाकारत नाही, त्याला खिशात घालतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन: दशावतार म्हणजेच उत्क्रांती, आपल्याला आधीच ठाऊक होती! २०१९च्या जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावताराचा सिद्धान्त डार्विनपेक्षा सरस ठरवला. गोष्ट म्हणून दशावतार सुंदर आहे. पण त्यात एक क्रम आहे, यंत्रणा नाही; आणि यंत्रणा हाच डार्विनचा सगळा माल. शिवाय अवतार घेणाऱ्याला हेतू असतो, काम झालं की तो निघून जातो. वरच्या हिशोबात हेतू कुठे शिरतो, दाखवा. मला वाटतं, पुण्यातल्या त्या अभियंत्याची अडचणही हीच आहे. देव नसला तरी त्याला चालतो. डिझाइनर नसलेला चालत नाही.

तोच गृहस्थ २०२१मध्ये कोरोना विषाणूच्या डेल्टा प्रकाराबद्दल तावातावाने बोलत होता. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून येणाऱ्या जनुकीय क्रमवारीच्या बातम्या तो रोज वाचायचा. २०२२ उजाडता उजाडता ओमिक्रॉनने काही आठवड्यांत डेल्टाला बाजूला सारलं, ते त्याने टक्केवारीनिशी पाहिलं. त्याला तो 'नवा व्हेरिएंट' म्हणाला. डार्विनचं नाव निघालं असतं तर पुन्हा साक्षीदार मागितला असता.

२०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचं नुसतं 'आनुवंशिकता' झालं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहे, हे उत्तर मिळालं. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारा मुलगा बारावीचं जीवशास्त्र कधी वाचणार? सेनापती बापट रस्त्यावरच्या आपल्या बालभारतीने मात्र २०१८च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच पहिला धडा ठेवला होता. याबद्दल त्यांचं कौतुक फारसं कुणी केल्याचं मला आठवत नाही.

हा धडा लागतो कुठे? जुलै २०२३मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७. लग्नाआधी रक्त तपासायचं आणि दोघेही वाहक असतील तर धोका समजावून सांगायचा, कारण अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. मोहीम योग्यच आहे. पण ती जनुकाचं काय करते, ते आपल्या हिशोबातून पाहा. मलेरिया पूर्ण गेला आणि एसएस मुलं पूर्वीसारखीच दगावत राहिली असं धरलं, तर एसचं प्रमाण अकरात एकवरून पुढच्या पिढीत बारात एक, मग तेरात एक, असं उतरतं. निम्मं व्हायला अकरा पिढ्या, पावणेतीनशे वर्षं. उपचारांनी एसएस माणसं जगू लागली, संसार करू लागली, की हा उतारही मंदावतो. आणि वाहकांनी वाहकांशी लग्न करणं पूर्ण थांबवलं, तर एसएस मुलं जन्मणारच नाहीत, आणि मलेरियाही नसेल तर एसचं प्रमाण आहे तिथेच थांबेल. रोगी शून्य, जनुक जसंच्या तसं. म्हणजे गडचिरोलीत २०४७नंतर जन्मणाऱ्या मुलांनाही मोठेपणी, लग्नाआधी, रक्त तपासावंच लागेल.