पाताळकोटला निघण्याआधी

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "खाली दरीत हॉटेल आहे ना हो?" नाही. म्हणून हे पत्रक काढलं. पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं, विशेषतः ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी.

पाताळकोट मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, तामियाजवळ आहे. सातपुड्याच्या कड्यावर उभं राहिलं की घोड्याच्या नालाच्या आकाराची दरी दिसते. खोली साधारण १,२०० ते १,५०० फूट, पसारा सुमारे ७९ चौरस किलोमीटर. तळाला दूधी नदी आणि १२ गावं. हिवाळ्यात तिथे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर काढता पाय घेतं. वस्ती मुख्यतः भारियांची, काही गोंडांची. बैगा, सहरिया आणि भारिया या मध्य प्रदेशातल्या तीन विशेष मागास जमाती. या दरीवर भारियांना वनहक्क कायद्याखाली अधिवासाचे हक्क मिळालेले आहेत. म्हणजे आपण कुणाच्या तरी घरी चाललो आहोत, एवढं लक्षात असू द्या.

मराठी माणसाशी या डोंगरांची जुनी ओळख आहे. नागपूरचे अप्पासाहेब भोसले १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा महादेवाच्या याच डोंगररांगांत गोंडांनी त्यांना थारा दिला. दरीतून पचमढीपर्यंत भुयार असल्याची गोष्टही सांगतात. ऐकावी, पण 'भुयार दाखवा' म्हणून वाटाड्याच्या मागे लागू नये.

रातेड गावाच्या बाजूने पायऱ्यांनी उतरतो. उतरताना सगळेच तरुण असतात. चढताना दुप्पट वेळ धरा. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तेव्हा आम्ही कड्यावरूनच दर्शन घडवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

जेवण गावातल्या बायका रांधतात: मक्याची भाकरी, कुटकी या बारीक भरडधान्याचा भात, कधी पेज. तिखट-मीठ त्यांच्या हाताचं. शेवेचं पाकीट बरोबर घ्या, इंदूरकर त्यावाचून निघायचा नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण रिकामं पाकीट परत आणायचं. मोहाची दारू मागू नये.

नाचाबद्दल दर फेरीत विचारणा होते. भडम हा भारियांचा लग्नातला नाच, ढोल आणि टिमकीवर चालणारा, सैताम बायकांचा. लग्न असेल आणि बोलावणं आलं तर आपलं नशीब. पैसे देऊन अंगणात नाच लावणं आम्ही करत नाही. अशी सोय करून देणारे भेटतील, त्यांच्याबरोबर खुशाल जावं.

जडीबुटीचंही तेच. गावचा भुमका पूजाही करतो आणि औषधही देतो. मधुमेहावरची मुळी मागणारे एक-दोघे प्रत्येक गटात असतातच. कृपया मागू नका, उपटू तर नकाच. आपल्या गोळ्या आपल्याजवळ ठेवा.

एक चूक आमची. सुरुवातीच्या एका फेरीत आम्ही मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू दिली. पुढच्या खेपेला तीच मुलं शाळा सोडून गाडीमागे धावत आली. तेव्हापासून वाटप बंद. काही द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली आमच्याकडे द्या, शाळेत गुरुजींच्या हाती पोहोचवू. फोटो विचारूनच, बायकांचे तर घरातल्यांदेखत विचारून, आणि 'नको' म्हटलं की कॅमेरा खाली.

एका गटात दहाच माणसं. मुक्काम कड्यावर, तामियाच्या बाजूला. इंदूरहून पेंचव्हॅली एक्स्प्रेसने परासिया, पुढे जीप. स्वतःच्या मोटारीनेच यायचं असेल तर भोपाळ-पिपरियामार्गे. पकड असलेले बूट, टॉर्च आणि सुटे पैसे घ्या, कारण दरीत फोनवरून पैसे पाठवण्याचा भरवसा नाही. दर मागच्या पानावर आहेत. वाटाड्या आणि जेवण यांचे पैसे त्यात धरलेले नाहीत, ते तुम्ही स्वतः त्यांच्या हातात द्यायचे.